स्पेनची आणि इटलीची

शोकेसमध्ये संगमरवरी ताजमहालाशेजारी आठ वर्षं उभ्या असलेल्या दोन बाटल्या अच्युतरावांनी अखेर नव्या व्याह्यांसाठी उघडल्या. लेकाने परदेशाहून आणलेल्या. एक स्पेनची, एक इटलीची. रोज दुपारी ऊन थेट त्यांच्यावर यायचं, तेव्हा काय सुरेख रंग दिसायचा!

"स्पेनची वाइन अंगापिंडाने दणकट," अच्युतरावांनी सकाळीच पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "इटलीचीही भरदार, पण तिला सुकवलेल्या आलुबुखाराची गोडी."

पहिल्याच घोटाला त्यांचे दात आंबले. व्याह्यांचा तर एक डोळाच मिटला. पण ते पडले मुलीचे वडील, बोलायची सोय नव्हती. "वा! फरक लगेच जाणवतो," म्हणत त्यांनी दोन्ही पेले निमूटपणे संपवले. अच्युतरावांना धन्य वाटलं. आपलंच तोंड बिघडलंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि उरलेल्या बाटल्या स्वयंपाकघरात पाठवल्या.

तासाभराने पानावर बसल्यावर व्याह्यांची कळी खुलली. "विहीणबाई, हा व्हिनेगरमधला कांदा झकास झालाय! व्हिनेगर कुठलं हो?"

"स्पेनचं," वाढता वाढता त्या सहज म्हणाल्या. "इटलीचं फारच जहाल आहे. ते बाथरूमचे नळ घासायला ठेवलंय."