आधी मंत्र, मग आरती

झोया रोइंग मशीनवरून उतरली तेव्हा पडद्यावर सात मिनिटं बावन्न सेकंद दिसत होते. दोन हजार मीटर, आणि पहिल्या स्ट्रोकपासून शेवटच्यापर्यंत एकच चाल. नावेत आता एकच जागा उरली होती आणि दावेदार दोघी होत्या. दुसरी अबोली.

तुषार सरांनी सीटवरचा घाम पुसला. "अबोली, इस बार शुरू में उड़ना मत."

हॉलमधली पोरं हसली. हसतील नाही तर काय. मागच्या तिन्ही चाचण्यांत अबोली अशी सुटली होती की बाकीच्यांनी आपलं काम थांबवून बघत राहावं, आणि बाराशे मीटरला तिची अशी वाट लागली होती की कुणाला बघवू नये. तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे. दम राखायचा, हळू निघायचं, हे ती रोज स्वतःला बजावायची. पण हात ऐकतील तर शपथ.

खरी गोम परवा पोहे खाताना आईनं शोधून काढली. अबोली एका हातानं हवेत हँडल ओढत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. आईनं कान दिला.

"अगं, तू आरती म्हणतेयस. आणि तीही बाबांच्या झांजेवर."

बाबा वरमले. अयोध्या नगर कॉलनीतल्या मराठी मंडळींच्या गणपतीत वीस वर्षं झांज त्यांच्याकडे. पहिली आरती कशी शिस्तीत असायची. दुसरीला ते जोर धरायचे, तिसरीला म्हणणाऱ्यांची जीभ अडखळायची, आणि पाचवीला अर्धी कॉलनी शब्द सोडून नुसत्या टाळ्या पिटायची. अबोली ती चाल त्यांच्या खांद्यावर बसून शिकली होती.

"लोकांना भुका लागलेल्या असतात," बाबा म्हणाले.

"तर काय. अबोली, तू मंत्रपुष्प म्हण. हातात फुलं धरून सगळे म्हणतात ना, ते. ते आजवर तुझ्या बाबांनाही पळवता आलेलं नाही."

आता समोर, हॉलच्या दारात, दोघं उभी होती. बाबा कारखान्यातून अर्धा दिवस रजा टाकून आले होते. आईनं त्यांची दोन्ही मनगटं घट्ट धरली होती. अबोलीनं पट्ट्यांत पाय अडकवले, हँडल हातात घेतलं आणि मनातल्या मनात मंत्राचा पहिला सूर लावला.

पाय ढकलले, पाठ मागे गेली, हात पोटाशी आले. मग सावकाश पुढे, पूर्ण श्वास घेत. याच वेगानं गेलं तर पाचशे मीटरला किती वेळ लागेल, ते मशीन दर स्ट्रोकला दाखवत होतं. एक मिनिट एकोणसाठ. पुन्हा एकोणसाठ. पाय कुरकुरायला लागले, आम्ही ताजेतवाने आहोत, सोड की आम्हाला. तिनं सूर आणखी लांबवला.

"पाँच सौ. झोया से एक सेकंड पीछे," सर म्हणाले.

दारात बाबांचे हात फडफडले. आईनं पकड आवळली.

"हज़ार. दो सेकंड पीछे."

मागे कुणीतरी हळहळलं. हे मंत्रपुष्प म्हणतच जागा हातची गेली तर? एकदा वाटलं, सोडावं आता. पण ओळ अर्धवट होती आणि ही ओळ घाईत संपत नाही, काय करणार.

बाराशे मीटर आले. ती वाट बघत राहिली, आता मांड्यांत शिसं ओतलं जाईल, आता डोळ्यांपुढे काजवे चमकतील. मांड्या दुखत होत्या, घसा सुकला होता, पण ती शाबूत होती. तेराशे गेले, चौदाशे गेले आणि ती अजून शाबूतच होती. तिला इतका आनंद झाला की हसू आवरेना, आणि हसण्यापुरता श्वासही तिच्याकडे होता.

"पंद्रह सौ. तीन सेकंड पीछे. अब जो है, लगा दे."

मंत्र संपला. अबोलीनं मान वर करून आईकडे बघितलं.

आईनं हात सोडले.

बाबांनी टाळी धरली. पहिली आरती, शिस्तीत. एक सत्तावन्न. मग दुसरी, आणि बाबांनी जोर धरला. एक चोपन्न. हॉलमधल्या हिंदी बोलणाऱ्या पोरांना कसली मराठी आरती नि काय, पण चाल कळायला भाषा लागत नाही. त्यांनीही टाळ्या सुरू केल्या, आणि गळ्यात टॉवेल टाकून उभ्या असलेल्या झोयाचे हातही स्वस्थ राहिले नाहीत. एक एक्कावन्न. शब्द केव्हाच सुटले होते. उरल्या होत्या टाळ्या आणि ओढ, आणि ती बाबांच्या खांद्यावर बसल्यासारखी मोकळी सुटली होती.

पडदा थांबला. सात मिनिटं एक्कावन्न सेकंद.

अबोली सीटवरून घसरून जमिनीवर आडवी झाली. झोयानं वाकून तिच्या पायांचे पट्टे सोडवले. "चल, जा. सीट तेरी है," ती म्हणाली. सर शेजारी उकिडवे बसले.

"आख़िर में इतना दम आया कहाँ से?"

"दम तो हर बार था, सर." तिनं धापा टाकत दाराकडे बोट केलं. "आज आई ने बाबा के हाथ पकड़ रखे थे."

सरांनी वळून बघितलं. हॉलमधल्या पोरांच्या टाळ्या थांबल्या होत्या. बाबा अजून टाळ्या वाजवतच होते, पाचव्या आरतीच्या वेगानं, आणि शेजारी आईही, त्यांच्याच चालीत.