दोनदा मर

डॉक्टर दोनदा ‘मर’ म्हणाले, हे तपासणीच्या खोलीच्या दाराशी प्रयागबाईनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तेवढंच तिला कळलं. बाकी सगळं इंग्रजी.

महिन्याच्या गोळ्या लिहून न्यायला ती नेहमीसारखी एकटीच उमरेडहून धंतोलीतल्या दवाखान्यात आली होती. आता बाहेरच्या बाकावर बसली, तरी तो शब्द डोक्यातून जाईना.

शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते. इस्त्रीचा सदरा, मांडीवर इंग्रजी पेपर. पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

“भाऊ, तुमाले इंग्रजी येते का जी?”

“तेच शिकवायचो. लकडगंजच्या शाळेत. मेश्राम सर म्हणतात मला.”

“मंग सांगा बरं. डॉक्टर मर-मर म्हणे. असं काहून म्हणते कोणी तोंडावर?”

मेश्राम सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश हसले.

“मर्मर. मरणाशी संबंध नाही त्याचा, ताई. आवाजावरून झालेला शब्द आहे, लॅटिनमधून इंग्रजीत आला. लोक हळू कुजबुजतात, गोट्यांवरून पाणी वाहतं, तसा आवाज. तोंडानं म्हणून पाहा.”

“मरमर,” ती ओठांतल्या ओठांत म्हणाली.

“बस्स. पानं सळसळली की आपल्याकडेही मर्मरच म्हणतात. हृदयाची झडप नीट मिटली नाही, की रक्त जाताना तसंच पुटपुटतं. डॉक्टरांना नळीतून ऐकू येतं.”

बोलताना त्यांचा आवाज वर्गात असल्यासारखा मोकळा झाला होता.

“मंग माणूस जगते?”

“जगतो. कधी ऑपरेशन लागतं.”

“अन् एकटा असला तं?”

सरांनी पेपरची घडी घातली. “मग जरा अवघड जातं,” ते म्हणाले.

प्रयागबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. नवरा गेल्यापासून घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. शेवटची बस चुकली असती, तरी कोणाचा फोन येणार नव्हता.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आली. “आलं का कोणी सोबतचं? मघाशीच सांगितलं, घरचं माणूस असल्याशिवाय भरती करता येणार नाही.”

ती सरांकडे पाहत होती. सर जमिनीकडे पाहत होते.

प्रयागबाई उठली. तिनं लुगडं सारखं केलं, वाकून सरांच्या पायाशी ठेवलेली कपड्यांची पिशवी उचलली आणि खांद्याला लावली.

“मी हाव ना,” ती म्हणाली. “हे मरमरवाले माहे भाऊ हायेत.”