बंकट गहिनीनाथ देवकते घरी नाहीत

बंकट गहिनीनाथ देवकते यांच्यासाठी येणारे वसुलीचे फोन कायमचे बंद झाले. पण तसं काही झालंच नाही असं आपण धरून चालू. त्यांची बायको बायडाबाईही तसंच धरून चालली होती.

फोन रोज अकराला यायचा. सव्वीस वर्षांपूर्वी बंकटने हप्त्यावर लाऊडस्पीकरचा संच घेतला होता. दुकान बुडालं, संच भंगारात गेला, उधारी तेवढी या हातातून त्या हातात विकली जात पुण्याच्या वसुलीवाल्या प्रविणपर्यंत आली.

"कोन पायजे?" बायडाबाई विचारायची.

"बंकट गहिनीनाथ देवकते."

"कोन?"

तिसऱ्यांदा प्रविण ओरडूनच नाव सांगे. मग ती कारण द्यायची. घाटनांदूरच्या बाजाराला गेलेत. नारायणगडाला गेलेत. दाढी करायलेत, तोंडाला फेस हाय. एकदा दिलेलं कारण ती पुन्हा देत नसे.

एकदा प्रविणने दम भरला, माणसं घेऊन घरीच येतो. बायडाबाईने अंगण सारवलं, शेजारून दोन खुर्च्या आणल्या आणि दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यात बसून राहिली. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याला झापलं. "येतो म्हनून येत न्हाईत व्हय? चहाचं दूध नासलं की."

पुतण्या आदिनाथ अंबाजोगाईहून आला, तेव्हाच नेमका फोन वाजला. त्याने सगळं ऐकलं.

"काकी, खोटं कावून बोलता? इतकी जुनी उधारी कायद्यानं वसूल बी होत न्हाई. एक कागद पाठवला की फोन बंद."

"इचारतेत तर इचारू दे. मला तरास न्हाई."

आदिनाथने पेटीतून कागद शोधला, फोटो काढून प्रविणला पाठवला आणि मोठं काम केल्याच्या समाधानात जेवून गेला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. मग बारा. चौथ्या दिवशी बायडाबाईनेच नंबर लावला. प्रविण अदबीने बोलला. फाईल बंद झाली मावशी, आता त्रास नाही.

"कोनाची फाईल?"

"तुमची," तो म्हणाला.

ती तशीच उठून ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवकाने दोनदा वर पाहिलं, पण ती सांगेल तसा अर्ज लिहिला. नवऱ्याचं नाव तिने उभ्या जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं, म्हणून ती जागा कोरी राहिली.

"महोदय, माझे पती ………… यांच्या मृत्यूची अकरा वर्षांपूर्वी केलेली नोंद, सदर उधारी वसूल होईपर्यंत रद्द करण्यात यावी, ही नम्र विनंती."