भिंतीला जीभ

"माझ्या विभागात भिंतीला जीभ लावली तरी चालेल, सर," मीटरबाई म्हणाली.

तपासनीसांनी ते वाक्य न हसता लिहून घेतलं.

गळ्यात कायम किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, म्हणून सगळा दवाखाना तिला मीटरबाई म्हणायचा. पेशंटला टोचायची किरणोत्सर्गी औषधं मोजून द्यायची आणि त्यातला थेंबसुद्धा भलतीकडे जाऊ द्यायचा नाही, हे तिचं काम. आज तपासनीसांची सही मिळाली की आठ महिने पॅसेजमध्ये खोक्यात पडलेला, पेशंटच्या अंगातलं औषध टिपणारा नवा कॅमेरा सोमवारी उघडणार होता. नाही मिळाली, तर त्या खोक्यावर वॉर्डबॉय आणखी वर्षभर डबे खाणार होते.

सुरुवात तिच्या ऑफिसपासून. इथे औषध कधी येतच नाही. तिने ऐटीत मीटर चालू केलं.

टर्रर्रर्र.

टेक्निशियनने घाईघाईने टेबल पुसलं. मीटर आणखी जोरात ओरडलं. त्याने खुर्ची बाहेर काढली, कॅलेंडर उतरवलं, कुंडीसुद्धा हलवली. मीटर ढिम्म ऐकेना.

"पुढे बघू," तपासनीस म्हणाले.

पुढे चहाची खोली. तिथे मीटर किटलीसमोर किंचाळलं. टेक्निशियनच्या हातात कप होता, अर्धा प्यालेला. त्याने तो अगदी हळू खाली ठेवला, जणू कप झोपलाय.

मग पॅसेज. मीटर नव्या कॅमेऱ्याच्या खोक्याजवळही ओरडलं. ज्याची पट्टीसुद्धा अजून कुणी कापली नव्हती, त्या खोक्याजवळ!

"मॅडम," तपासनीसांनी वही चाळत विचारलं, "जीभ नेमकी कुठल्या भिंतीला लावायची?"

मीटरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती गर्रकन वळली आणि मीटरचं तोंड तपासनीसांकडे झालं. त्याने असा काही गळा काढला की समोरच्या खोलीतली नर्स बाहेर डोकावली.

"म्हणजे... मी?" तपासनीस पांढरे पडले. "मी सकाळपासून एक केळं खाल्लंय फक्त."

"केळ्याने एवढं होत नाही, सर. कोट काढा."

आता तपासणारी ती होती. तपासनीसांनी मुकाट्याने कोट काढला. "द्या इकडे, मी धरतो," मागून कुणीतरी म्हणालं आणि एका हाताने कोट घेऊन बाजूला उंच धरला. तपासनीसांसमोर मीटर जरा नरमलं. कोटाकडे वळवताच बोंबलायला लागलं.

"सापडलं!" मीटरबाई आनंदाने ओरडली. "दोष तुमच्या कोटाचा आहे, सर! माझा विभाग स्वच्छ!"

कोट खाली आला. मागे तिचे सासरे उभे होते.

"बाबा! तुम्ही?"

"मग काय करू?" बाबा म्हणाले. "सुई टोचलीस आणि सांगितलंस, औषध हाडांत मुरेपर्यंत तीन तास त्या खोलीत बसा, कुणाजवळ जाऊ नका. समोर पाण्याच्या बाटल्या आणि भिंत. म्हटलं, आपली सूनबाई दिवसभर करते तरी काय, बघावं. लांबूनच बघत होतो हो. घरी येऊन म्हणतेस, दमले दमले. इथे तर नुसती धमाल चाललीय!"

टेक्निशियनने कपाळावर हात मारला. "मला वाटलं, हे साहेबांचे क्लार्क आहेत."

"मला वाटलं, तुमचे शिपाई," तपासनीस म्हणाले.

"आणि ही तर त्या काट्यावरून मान वर करेल तर शपथ," बाबा म्हणाले. "ऑफिसात होतो, चहाच्या खोलीत होतो. दोनदा खाकरलो पण!"

तपासनीसांच्या पोटातून आधी बारीक आवाज आला. मग ते खोक्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीटरबाईने बाबांना तिथून हलवून लांब उभं केलं, पॅसेज, चहाची खोली, ऑफिस पुन्हा मोजलं. मीटर शहाण्या बाळासारखं गप्प. तपासनीसांनी खोक्यावरच कागद ठेवून सही केली आणि खाली लिहिलं : 'मीटर उत्तम. पेशंटच्या खोलीच्या दाराशी माणूस बसवणे.' मग "आलोच" म्हणून ते हात धुवायला गेले.

मीटरबाईने सहीवर फुंकर मारली. टेक्निशियन कात्री आणायला पळाला. सोमवारची वाट कोण बघतो! बाबा तर अशा थाटात उभे होते, जणू सही त्यांनीच मिळवून दिली.

"बाबा, पाणी तरी प्यालात ना सांगितल्याप्रमाणे? उरलेलं औषध लघवीतून निघून जायला हवं."

"तीन बाटल्या! दोनदा जाऊनसुद्धा आलो."

"पेशंटच्या बाथरूममध्येच ना?"

"तिथे रांग होती. तुझ्या ऑफिसशेजारचं छान मोकळं होतं. खाली थोडं सांडलं, पण या वयात चालायचंच."

ऑफिसशेजारच्या बाथरूमचं दार उघडलं. रुमालाने हात पुसत, शीळ घालत तपासनीस बाहेर आले. त्यांच्या प्रत्येक पावलाला मीटर टर्रर्र करत होतं.

ते दवाखान्याच्या निळ्या स्लिपर घालून घरी गेले. त्यांचे बूट शिशाच्या कपाटात आहेत, सोमवारी मिळतील.