डिस्क वापरात आहे

मशीन खोटं बोललं की माझं डोकं फिरतं.

२००८ साली लीलाबाईंनी त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा, रूपरावांचा, कॉम्प्युटर नालवाडीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आणला. त्यात लेकीच्या लग्नाचे फोटो होते. विंडोज सुरूच होईना, म्हणून मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. हार्ड डिस्क दिसली, पण माउंट होईना, म्हणजे आतलं काही उघडू देईना. दर वेळी तेच उत्तर: डिस्क वापरात आहे.

"कोन वापरून राह्यलं? समोर तर मी बसली!" मी ओरडले.

"जिते होते तेव्हाबी कोनाले हात लावू देत नव्हते," लीलाबाई म्हणाल्या.

संतापून मी मशीन बंद केलं, डिस्कच काढून हातात घेतली आणि लिनक्स पुन्हा सुरू केलं. आता बोल म्हटलं!

डिस्क वापरात आहे.

लीलाबाई उठल्या आणि स्क्रीनसमोर उभ्या राहून कडाडल्या, "काऊन छळून राह्यले त्या पोरीले? सोडा म्हटलं नं! माह्या लेकीचं लग्न हाये ते!"

स्क्रीनवर लग्नाचे फोटो एकेक करून उघडू लागले.

वायर नसलेली डिस्क माझ्या हातात आतून फिरायला लागली होती.