सापडले: शून्य

"तुमचं 'शोध' काढून टाकावं लागेल, काका," ऑफिसात नुकतीच लागलेली नवी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

हरवलेल्यांपैकी जी माणसं सापडतात, जिवंत वा मृत, त्यांच्या नोंदी ठेवणारं ते ऑफिस. तिथला संगणकाचा सगळा कारभार घड्याळकाकांनी एकहाती उभा केलेला. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 'मजकूर' हा प्रकार मुळातच असतो. काकांनी त्यालाच नवी विद्या शिकवली होती. अवतरणचिन्हांत नाव लिहायचं, पुढे टिंब देऊन 'शोध' म्हणायचं, की डेटाबेसला विचारायचा लांबलचक प्रश्न आपोआप तयार. काम झकास होतं. पण भाषेच्या पोटात असा हात घातलेला तिच्या नव्या आवृत्तीत चालणार नव्हता.

"राहू दे की, मी निवृत्त होईपर्यंत," काका म्हणाले.

अकरा वाजले. काकांना 'घड्याळकाका' हे नाव पडलं ते या रोजच्या अकरामुळेच. रोजच्यासारखं त्यांनी आपल्या मुलीचं नाव लिहिलं, टिंब, शोध. सापडले: शून्य. मग टेबलावरच्या फोनवरून घरी.

"नाही गं. आजही नाही."

"म्हणजे आहे कुठेतरी," पलीकडून काकू म्हणाल्या. नवीलाही ऐकू आलं. "जेवून घ्या वेळेवर."

सात वर्षं हे असंच चाललं होतं. मुलगी कॉलेजातून निघाली, ती घरी पोचलीच नव्हती.

नवीच्या मनात वेगळंच आलं. काकांचा कोड जुना. त्यातच कुठे चूक असली आणि पोरगी एखाद्या दवाखान्याच्या नोंदीत पडून असली तर? काखेत कळसा नि गावाला वळसा!

काका जेवायला गेल्यावर ती त्यांच्या खुर्चीत बसली. 'शोध'च्या अगदी तळाशी तिला एक अट सापडली: अमुक एक नोंद सोडून बाकीच्या पाहा. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. चाचणीपुरती घातली असेल आणि विसरले असतील, दुसरं काय! तिने अट पुसली. नाव, टिंब, शोध.

सापडले: एक.

तिचे डोळे भरून आले. ही बातमी आधी काकूंना कळायला हवी. तिने नोंदीवर टिचकी मारली आणि फोनचं रिडायल दाबलं.

"काय हो, सापडली का?" काकूंनी विचारलं.

पडद्यावर नोंद उघडली. मृतदेह. ओळख पटली. तारीख सात वर्षांपूर्वीची. ताब्यात घेणाऱ्याची सही: घड्याळकाकांची.