आवाज येतोय

राधिका फोन घेऊन धावत आली तेव्हा सासरे, मुंजाजी, मेंढरं कोंडत होते. तिकडं कॅनडात तिचा नवरा राम चालवत असलेलं छोटं मालवाहू विमान बर्फाच्या वादळात पडलं होतं.

"मामा, वादळ थांबल्याबिगर कुणाला जाता येईना म्हणतेत. पण विमानातून आवाज येऊन राहिलाय."

मुंजाजींनी कोंडवाड्याची कडी लावली. "मंग लेकरू हाय. नाल्यात पडलेलं कोकरू वरडतंय तवर जितं असतंय."

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात ते घडीघडी विचारायचे, "येऊन राहिलाय?"

"व्हय, मामा."

त्या भरवशावर त्यांनी चतकोर भाकर खाल्ली. राधिकानं सांगायला दोनदा तोंड उघडलं नि मिटलं. विमान आपटलं की त्यातलं यंत्र आपोआप ओरडत राहतं, आत कुणी जिवंत असो वा नसो, हे रामनंच तिला सांगितलं होतं.